तीस चौरस मीटरचं घर, व्हीलचेअरच्या मापाने

पंतप्रधान आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न गटासाठी बांधलं जाणारं ३० चौरस मीटरचं घर, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट कार्पेट, हा या परीक्षणाचा विषय. म्हाडाच्या सोडतीतून लागलेलं असो, सिडकोचं असो, की खासगी विकासकाबरोबरच्या भागीदारीतलं, आतला नकाशा फारसा बदलत नाही. बाहेरची खोली, तिच्याच एका कडेला किंवा लगत ओटा, एक छोटी आतली खोली, वेगळा संडास, वेगळं बाथरूम आणि या सगळ्यांना जोडणारा अरुंद बोळ. भाड्याच्या खोलीतून येणाऱ्या कुटुंबासाठी किमतीच्या मानाने हे घर चांगलं आहे. घरात कुणी व्हीलचेअर, वॉकर किंवा कुबड्या वापरत असेल, कुणाला दिसत किंवा ऐकू येत नसेल, तर मात्र ते जसं हातात मिळतं तसं बहुतेक वेळा वापरता येत नाही.

जागा कमी म्हणून असं होतं, हा समज चुकीचा आहे. अडतं ते चार-पाच मापांपाशी: संडासाचं दार, संडास आणि बाथरूम यांच्यामधली भिंत, उंबऱ्याची उंची, लिफ्टच्या केबिनची खोली आणि जमिनीपासून लिफ्टपर्यंतच्या पायऱ्या. ही मापं नकाशावर पेन्सिलीने बदलता येतात. स्लॅब पडल्यावर ती बदलायला छिन्नी-हातोडा लागतो आणि कित्येकदा तेवढ्यानेही भागत नाही.

सोडत आणि वाटप

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ३७ प्रमाणे सरकारी गृहयोजनांमध्ये ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. अर्ज भरण्याआधी जाहिरातीतला तक्ता उघडून प्रत्येक संकेत क्रमांकासमोर (म्हणजे योजनेच्या क्रमांकासमोर) दिव्यांग प्रवर्गात किती घरं दाखवली आहेत ते मोजा. ५ टक्के म्हणजे २० घरांमागे एक. आठ-दहा घरांच्या योजनेत हिशेब एकाच्या आतच राहतो, त्यामुळे रकाना रिकामा दिसला तर नवल नाही. मोठ्या योजनेत अर्ज करणं म्हणून जास्त शहाणपणाचं.

कागदपत्रांत दोन ठिकाणी घोळ होतो. युडीआयडी कार्डावरचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावरचं, नाव आधारशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आडनाव पुढे-मागे झालं तरी पडताळणी अडू शकते. दुसरं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत फक्त अर्जाच्या दिवशी पाहून चालत नाही. सोडत आणि त्यानंतरची कागदपत्रांची छाननी, दोन्हीपर्यंत ते चालू असायला हवं.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या नावाने अर्ज करणार असाल तर आणखी एक गोष्ट आधीच करून ठेवा. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. करारावर सही कोण करणार, हा प्रश्न निबंधक कार्यालयात उभा राहतो आणि मिळालेलं घर लटकतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचा दाखला देते. त्यासाठीचा अर्ज सोडतीच्या आधी गेलेला बरा.

मजल्याबद्दल आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: दिव्यांग आणि ज्येष्ठ व्यक्ती असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत. सूचना चांगली आहे, पण लिफ्टच्या इमारतींत तळमजल्यावर पार्किंग असतं आणि राहती घरं पहिल्या मजल्यापासून सुरू होतात. तेव्हा ‘खालचा मजला मिळाला’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. लिफ्ट बंद असताना व्हीलचेअरला पहिला मजला दहाव्याइतकाच लांब असतो. फायदा इतकाच, की चौघांनी मिळून खुर्ची उचलून नेणं जमतं. देकार पत्र (घर लागल्याचं, पैसे भरायला सांगणारं पत्र) आल्यावर, पैसे भरण्याआधी, मजल्याची विनंती लेखी द्या. त्याच पत्रात आणखी एक मागणी घाला, ती पुढे संडासाच्या भागात सांगितली आहे.

फाटकापासून लिफ्टपर्यंत

रॅम्प असतो. तो बहुतेक ठिकाणी असतो, कारण नकाशा मंजूर व्हायला तो दाखवावा लागतो. त्याचा उतार तपासला जात नाही, आणि गडबड तिथेच असते. प्रमाण १:१२ आहे. जोतं ४५० मिमी उंच असेल तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर हवी, ६०० मिमी असेल तर ७.२ मीटर. पायऱ्यांच्या बाजूला उरलेल्या अडीच-तीन मीटरांत तो कोंबला, की उतार १:५ किंवा १:६ होतो. अशा रॅम्पवर स्वतः चाक फिरवून चढता येत नाही, आणि मागून ढकलणाऱ्याचा पाय घसरला तर खुर्ची मागे उलटते. मोटारींसाठीचा उतार ‘हाच रॅम्प’ म्हणून दाखवणं तर सर्रास चालतं. तो १:८ ते १:१० असतो आणि त्यावर गाड्या धावत असतात.

रुंदी किमान १.२ मीटर, वर आणि खाली दीड मीटर चौरस सपाट जागा, दोन्ही बाजूंना दुहेरी कठडा: एक दांडी सुमारे ७०० मिमीवर, दुसरी ९०० वर. दांडी रॅम्प संपल्यावर ३०० मिमी पुढे यायला हवी, म्हणजे न दिसणाऱ्याला सपाट जागा कुठे सुरू झाली ते हाताला कळतं. फरशी कोणती हेही महत्त्वाचं. पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाइट पावसाळ्यात साबणासारखा होतो. खडबडीत पृष्ठभागाचा दगड किंवा सिमेंटच्या चेकर्ड टाइल्स लावाव्यात. पावसाच्या पाण्याची जाळी वाटेत आडवी येत असेल तर तिच्या फटी १२ मिमीपेक्षा कमी आणि चालण्याच्या दिशेला काटकोनात असाव्यात, नाहीतर पुढचं लहान चाक त्यात अडकतं.

मग येतो तो धक्का, जो नकाशावर नजरेतून सुटतो. रॅम्प चढून आत आल्यावर लिफ्टच्या दारापुढे पुन्हा दोन-तीन पायऱ्या. पाणी साचू नये म्हणून लिफ्टची लॉबी उंच घेतलेली असते आणि रॅम्प मात्र पार्किंगच्या पातळीपर्यंतच येतो. साइटवर जाल तेव्हा फाटकापासून लिफ्टच्या बटणापर्यंत चालत जा आणि एकही पायरी लागली तर लिहून ठेवा. उभ्या दुचाकींचाही विचार करा. वाटेवर पिवळ्या पट्ट्या आणि दीड मीटरचा मोकळा मार्ग आखलेला नसेल तर पहिल्या महिन्यातच तिथे दहा गाड्या लागतात, आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला रोज नवा अडथळा.

लिफ्ट

लिफ्टबद्दल ‘आहे की नाही’ एवढंच विचारलं जातं. विचारायला हवं ते तिचं माप. केबिनमधल्या पाटीवर माणसांची संख्या लिहिलेली असते, त्यावरून माप ओळखता येतं, कारण भारतीय मानकात ही मापं ठरलेली आहेत. ६ माणसांची, ४०८ किलोची केबिन ११०० मिमी रुंद आणि १००० मिमी खोल असते, दार ७०० मिमी. ८ माणसांची, ५४४ किलोची, १३०० बाय ११००, दार ८००. १० माणसांची, ६८० किलोची, १३०० बाय १३५०, दार ८००. १३ माणसांची, ८८४ किलोची, २००० बाय ११००, दार ९००.

साधी व्हीलचेअर पाय ठेवायच्या पट्टीसकट १०५० ते १२०० मिमी लांब भरते. म्हणजे ६ माणसांच्या लिफ्टमध्ये ती सरळ मावतच नाही. पट्ट्या काढून पाय दुमडून बसावं लागतं. ८ माणसांचीत जेमतेम, आणि सोबतचा माणूस मावणं कठीण. १० माणसांची रोजच्या वापराला चालते, फक्त दारातून हात सांभाळून जावं लागतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दिव्यांगांसाठी सांगितलेली लिफ्ट म्हणजे हीच १३ माणसांची. इमारतीत दोन लिफ्ट असतील तर दोन्ही ८ माणसांच्या घेण्याऐवजी एक लहान आणि एक १३ माणसांची घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. आजाऱ्याला स्ट्रेचरवरून नेताना आणि कपाट वर चढवतानाही ती सगळ्यांच्याच उपयोगी पडते.

बटणांची पट्टी ९०० ते ११०० मिमीच्या दरम्यान, अंक उठावाचे आणि ब्रेलमध्ये, मजला बोलून सांगणारा आवाज, आत तीन बाजूंना दांडी. लिफ्ट मजल्यावर थांबते तेव्हा केबिन आणि लादी यांच्या पातळीत १० मिमीपेक्षा जास्त फरक नको. हा फरक देखभाल ढिली पडली की वाढतो, आणि पुढचं चाक तिथेच अडतं. वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं उपकरण, ज्याला लिफ्टवाले एआरडी म्हणतात, ते बसवलंय का आणि त्याची बॅटरी चालू आहे का, हे मेन स्विच बंद करायला लावून तपासा. बॅटरी उतरलेली असली तर कळायचा दुसरा मार्ग नाही.

दारं

आता घरात. मुख्य दार साधारण १००० मिमीच्या जागेत बसवलेलं असतं, ते चालतं. खोलीचं दार ९०० च्या जागेत, तेही ओढूनताणून चालतं. संडास-बाथरूमसाठी भिंतीत ७५० मिमी जागा सोडतात आणि तिथे हिशेब फसतो. दोन बाजूंची चौकट ७० ते ८० मिमी खाते. उरले ६७०. दार काटकोनात उघडून उभं राहिलं की त्याची स्वतःची जाडी ३० मिमी. उरले ६४०. साधी खुर्ची ६२० ते ६८० मिमी रुंद असते आणि चाकं फिरवणाऱ्या हातांना दोन्हीकडे आणखी बोटभर जागा लागते. संहिता ९०० मिमी निव्वळ मोकळी जागा मागते. त्यासाठी भिंतीत फक्त १०००-१०५० मिमी सोडावे लागतात. म्हणजे २५० ते ३०० मिमी जास्त.

नंतर दार मोठं करू, असं म्हणणाऱ्यांनी भिंत कशाची आहे ते विचारावं. सिपोरेक्सची (हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) किंवा विटांची असेल तर कापता येते. मोठ्या योजना मात्र आजकाल अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभ्या करतात, साइटवर ज्याला मिवान म्हणतात. तिथे १०० ते १५० मिमीची प्रत्येक भिंत सळईसकट इमारतीचं वजन पेलते. ती कापायला कुणीही परवानगी देणार नाही आणि देऊही नये. मिवानमध्ये साच्यात जे माप गेलं, तेच इमारत उभी आहे तोवर. एकच साचा शेकडो घरांना वापरला जातो. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरची योजना ३० हजार घरांची, त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. गृहयोजनांचा पसारा एवढा मोठा असतो, तेव्हा नकाशातल्या एका दाराचं माप किती कुटुंबांच्या आयुष्यात जातं याचा विचार करावा.

संडास-बाथरूम

इथे सविस्तर बोलायला हवं, कारण बाकी सगळं जमलं आणि हे नाही जमलं तर माणूस घरात परावलंबी होतो.

नेहमीच्या नकाशात संडास ०.९ बाय १.२ मीटर, म्हणजे १.०८ चौरस मीटर. बाथरूम १.२ बाय १.३५, म्हणजे १.६२. मधली १०० मिमीची भिंत ०.१२ खाते. एकूण २.८२ चौरस मीटर. राष्ट्रीय संहितेत दिव्यांगांसाठीच्या संडासाचं किमान माप १.५ बाय १.७५ मीटर आहे, म्हणजे २.६२५ चौरस मीटर. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तेवढ्याच जागेत, मधली भिंत काढली आणि आकार जरा चौकोनी केला, की व्हीलचेअर आत जाते. जास्तीची जागा लागत नाही. २ बाय २.२ मीटरचा प्रशस्त संडास केला तर ४.४ चौरस मीटर जातील, ३० च्या घरात जवळजवळ पंधरा टक्के; तेवढं मागणं या घरात व्यवहार्य नाही. १.५ बाय १.७५ मध्ये खुर्ची पूर्ण गोल वळत नाही, सरळ आत जाऊन उलटी बाहेर यावी लागते, पण दार बंद करून एकट्याने वापरता येतं. ते फार मोलाचं आहे.

एकत्र केल्याची किंमतही आहे. सहा माणसांच्या घरात सकाळी संडास आणि आंघोळ एकाच खोलीत म्हणजे रांग लागते. म्हणून सगळ्याच घरांत असं करा, असं आमचं म्हणणं नाही. प्रत्येक मजल्यावर निदान एका घरात, आणि मजला ठरवताना त्या कुटुंबाला विचारून. देकार पत्राच्या उत्तरात मागायची ती दुसरी गोष्ट हीच: इमारत अजून वर गेली नसेल तर एकत्र संडास-बाथरूम, १००० मिमीचं दार आणि पाश्चात्त्य पद्धतीचं भांडं.

भांड्याबद्दल आधीच बोलायचं कारण प्लंबिंगमध्ये आहे. स्वस्त घरांत बऱ्याच वेळा भारतीय पद्धतीचं भांडं बसवलेलं असतं, कधीकधी १५० मिमीच्या पायरीवर. त्याचा ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा वाकडा पाइप, फरशीखाली, खोल घेतलेल्या स्लॅबमध्ये पुरलेला असतो. ताब्यानंतर कमोड बसवायचं म्हटलं की फरशी, विटांचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग फोडावं लागतं. ते फुटलं की महिन्या-दोन महिन्यांत खालच्या घराच्या छताला ओल दिसते आणि भांडण सुरू. ज्यांना फोडणं टाळायचं आहे त्यांनी भारतीय भांड्यावर ठेवायची खुर्ची वापरावी, पण तिचे पाय रबरी आणि पायरी सपाट केलेली असली पाहिजे.

कमोड बसवलंच तर बसायची उंची ४५० ते ५०० मिमी, म्हणजे व्हीलचेअरच्या गादीशी बरोबर. बाजारातली बरीच भांडी ४०० च्या आसपास असतात. खाली काँक्रीटचा ओटा करून ती उचलता येतात. भांड्याचा मध्य जवळच्या भिंतीपासून ४५० ते ५०० मिमी, म्हणजे भिंतीवरची दांडी हाताच्या टप्प्यात येते. दुसऱ्या बाजूला खुर्ची उभी करायला ९०० मिमी मोकळे. अर्धांगवायू झालेल्या माणसाची चांगली बाजू भिंतीकडे यायला हवी, आणि इथे एक उपयोगाची गोष्ट आहे: लगतच्या दोन घरांचे नकाशे आरशातल्यासारखे उलटे असतात. डावीकडे भिंत हवी की उजवीकडे, हे घर निवडतानाच ठरवता येतं. निवड मिळत असेल तर ही बघा, खिडकीतल्या दृश्याआधी.

आधाराची दांडी स्टेनलेस स्टीलची, ३२ ते ४० मिमी जाडीची, भिंतीपासून ५० मिमी अंतरावर. प्लास्टिकची टॉवेल टांगायची दांडी आधाराला लावणं जीवघेणं आहे. बसवताना भिंतीचा प्रश्न पुन्हा येतो. मिवानच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घट्ट बसतो, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा. सिपोरेक्सच्या १०० मिमी भिंतीत साधा प्लग काही महिन्यांत ढिला होतो आणि एक दिवस माणसासकट दांडी खाली येते. तिथे बोल्ट आरपार नेऊन मागच्या बाजूला लोखंडी पट्टी लावावी, किंवा बांधकाम चालू असतानाच ७०० ते ९०० मिमीच्या उंचीवर काँक्रीटचा पट्टा भरून घ्यावा. बसवल्यावर सगळं वजन टाकून ओढून बघा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा.

उंबरा हा शेवटचा अडथळा आणि सगळ्यात फसवा. बाथरूमचं पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात ४०-५० मिमीची ग्रॅनाइटची पट्टी बसवतात. खरं कारण असं, की आतल्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे पुरेसा उतार दिलेला नसतो आणि ती उणीव पट्टीने झाकली जाते. उतार १:५० ते १:६० ठेवला, ट्रॅप दारापासून लांबच्या कोपऱ्यात घेतला आणि दाराच्या आत आडवी जाळी असलेली पन्हळ केली, तर १० ते १२ मिमीचा तिरपा कापलेला उंबरा पुरतो. पन्हळ नसेल तर २० मिमीपर्यंत आणि कडेला उतरती पट्टी. ५० मिमीचा उंबरा वॉकर घेतलेल्या आजींना रोज दोनदा पाडू पाहतो.

दार बाहेर उघडणारं असावं. आत माणूस पडला तर आत उघडणाऱ्या दारामागे तो अडकतो आणि दार ढकलता येत नाही. बोळात बाहेर उघडायला जागा नसेल तर वर टांगलेलं सरकतं दार, खाली रूळ नको. कडी अशी घ्या, जी बाहेरून नाण्याने फिरवता येते.

आंघोळीला आपल्याकडे बादली, मग्गा आणि स्टूल लागतात. शॉवरखाली उभं राहण्याची कल्पना करून केलेले नकाशे इथे उपयोगाचे नाहीत. चाकांची आंघोळीची खुर्ची ५५० मिमीच्या आसपास रुंद मिळते आणि ती कमोडवरूनही सरकवता येते, मात्र भांड्याची उंची आणि खुर्चीखालची मोकळी जागा विकत घेण्याआधी मोजा. हातात धरायचा शॉवर दीड मीटर नळीचा, बादली ३०० मिमीच्या चौरंगावर, म्हणजे वाकावं लागत नाही. फरशी खडबडीत आणि लहान, ३०० बाय ३०० ची. सांधे जास्त असले की पाय धरतो.

ओटा, बटणं, खिडक्या

ओटा सहसा ८५० मिमीच्या आसपास असतो. बसून स्वयंपाक करणाऱ्याला ७५० ते ८०० हवा आणि खाली गुडघ्यांसाठी ६५० ते ७०० मिमी उंचीची मोकळी जागा. पूर्ण ओटा बदलू नका. घरात उभ्याने काम करणारी माणसंही असतात. ९०० मिमी लांबीचा एक भाग खाली घ्या. तिथे सिलिंडर ठेवला तर गुडघे आत जात नाहीत, म्हणून सिलिंडर कोपऱ्यात आणि त्याचा रेग्युलेटर बसून फिरवता येईल असा.

विजेची बटणं बऱ्याच घरांत १३०० मिमीवर असतात, प्लग ३०० वर. दोन्ही ४५० ते ११०० मिमीच्या पट्ट्यात आणायला वायरिंगच्या वेळी सांगितलं तर काही लागत नाही. एमसीबीचा डबा दाराच्या वर असतो आणि फ्यूज उडाल्यावर तिथे कुणालातरी स्टुलावर चढावं लागतं. तोही खाली मागा. खिडकीची वरची कडी आणि दाराचं भिंग यांचंही तेच.

ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना ऐकू येत नाही

कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि व्हीलचेअर त्यातल्या थोड्यांनाच लागते. कमी दिसणाऱ्यासाठी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ५० मिमीचा विरुद्ध रंगाचा पट्टा आणि दारापाशी उठावाचा घरक्रमांक, ही दोन कामं एका दिवसाची आहेत. ऐकू न येणाऱ्यासाठी बेलबरोबर लुकलुकणारा दिवा. आगीच्या भोंग्याबरोबरही तोच दिवा हवा, आणि तो फक्त लॉबीत असून उपयोग नाही, झोपायच्या खोलीतही हवा. लिफ्टमधला अडचणीचा फोन बोलता-ऐकता येणाऱ्यांसाठीच असतो. ‘संदेश मिळाला’ दाखवणारा दिवा त्याच्याजवळ लावता येतो. स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना सगळे विंग एकसारखे दिसतात. विंगला नुसतं अक्षर देण्यापेक्षा वेगळा रंग आणि चित्र दिलं तर लहान मुलांनाही फायदा. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते, म्हणून जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर ९०० बाय १२०० मिमीची थांबायची जागा मोकळी राहायला हवी. कुंड्या आणि चपलांची कपाटं नेमकी तिथेच येतात.

कायदा किती कामाचा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ४४ म्हणतं, की केंद्राच्या नियमांना धरून नसलेल्या नकाशाला बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. हे कलम कडक आहे. त्या कायद्याखालचा नियम १५ मात्र २०१७ पासून मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवत होता, आणि मार्गदर्शक तत्त्वं सल्ल्याच्या भाषेत लिहिलेली असतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं करायला केंद्राला तीन महिने दिले. तुमच्या पत्रात ‘मार्गदर्शक तत्त्वांनुसार विनंती’ असं लिहू नका. कलम ३७ आणि ४४ यांचा उल्लेख करून मागणी म्हणून लिहा.

ताब्याच्या दिवशी

सोबत पाच मीटरचा टेप, एक काचेची गोटी, एक बादली आणि ७५० मिमी लांबीची दोरी न्या. दोरीचं एक टोक धरून खडूने गोल काढला की दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मिळतं. बाहेरच्या खोलीत आणि मुख्य दाराच्या आत ते बसतं का पाहा. गोटी बाथरूमच्या चारही कोपऱ्यांत सोडा, ती ट्रॅपकडे गेली पाहिजे. बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी किती साचलं ते बघा. दारं उघडी ठेवून चौकटीपासून दाराच्या पात्यापर्यंत निव्वळ मोकळी जागा मोजा, भिंतीतली नाही. व्हीलचेअर असेल तर तीच न्या आणि फाटकापासून कमोडपर्यंत एकदा पूर्ण फेरी मारा. घराचा ताबा घेण्याची घाई सगळ्यांना असते, पण सही करण्याआधीचा हा एक तास नंतरची कित्येक वर्षं वाचवतो.

मंजूर नकाशाची प्रत आधी मागून ठेवलेली असावी. त्यात १:१२ चा रॅम्प दाखवला आणि प्रत्यक्षात १:६ चा बांधला, तर ती सवलतीची विनंती राहत नाही, बांधकामातला दोष ठरतो. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत असा दोष लेखी कळवला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं प्रवर्तकावर, म्हणजे योजना बांधणाऱ्यावर, बंधनकारक आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत सरकारी प्राधिकरणंही प्रवर्तक आहेत. प्रत्येक दोषासमोर नकाशातलं माप, मोजलेलं माप आणि टेप धरलेला फोटो जोडा. पत्र दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या.